वस्तीतली ताई आणि पालिकेची शाळा

(पक्षाच्या मुंबईतील वस्ती-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण घरांच्या आणि कंत्राटी कामगारांच्या प्रश्नांवर चर्चा केली. त्या चर्चेनंतर लहान मुलांच्या वाचनाचा विषय काहींना सौम्य, किंबहुना समाजसेवी संस्थांवर सोपवून द्यावा असा वाटण्याचा संभव आहे. तसे नाही, एवढेच आज मला मांडावयाचे आहे. तिसरीच्या वर्गात बसलेल्या मुलाला पहिलीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नसेल, तर ते मूल पुढे दहावीपर्यंत पोचेल की सातवीतच गळेल, त्याच्या हाती नोकरी पडेल की नाक्यावरची रोजंदारी, याचा बराचसा निकाल त्या तिसरीच्या वर्गातच लागून गेलेला असतो. ज्या शहरात असे निकाल दरवर्षी हजारोंच्या संख्येने लागतात, तेथे हा प्रश्न राजकीयच म्हणावा लागेल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात दोन मागण्या होत्या. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून उभा राहतो, पण तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. म्हणून प्राथमिक शिक्षणाकडे पैसा वळवा आणि बारा वर्षांपर्यंत ते सक्तीचे करा, ही पहिली मागणी. तिचा उल्लेख आपण सर्व जण करतो. दुसरी मागणी तेवढी उद्धृत होत नाही. प्राथमिक शाळांतील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेले, त्या लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत. ते प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, असे जोतीरावांनी सांगितले होते. मूल ज्या समाजातून येते त्याच समाजातला शिक्षक, त्याला प्रशिक्षण आणि त्याला पगार, या तीन गोष्टी त्यांनी एकत्र बांधल्या होत्या. पुढच्या सगळ्या विवेचनात आपण ही गाठ ध्यानात ठेवावी.

सक्तीची लढाई पुढे फार रेंगाळली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात सक्ती लागू केली. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात तोच निर्णय घेतला. ब्रिटिश मुलखात मात्र नामदार गोखल्यांचे १९११ चे विधेयक फेटाळले गेले. मुंबई शहरासाठी १९२० साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९२५ पासून एफ व जी या दोन विभागांत, म्हणजे परळ, दादर, माहीम या कामगारवस्तीच्या भागांत, सक्तीला सुरुवात झाली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांची मुदत घातली. ती मुदत १९६० साली टळली. शिक्षण हा मूलभूत हक्क ठरण्यास २००२ ची घटनादुरुस्ती यावी लागली आणि त्या हक्काचा कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला.

या सव्वाशे वर्षांत आपली लढाई प्रामुख्याने शाळेच्या दाराशी चालली होती. मुलाला आत घ्या, पटावर नाव लावा, शाळा बांधा, फी माफ करा, अशा आपल्या मागण्या असत. त्या रास्त होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच आपण पदरात पाडून घेतल्या. आज मुंबईतल्या बहुसंख्य मुलांचे नाव कोठे ना कोठे पटावर असते. पण मूल आत गेल्यावर काय शिकते, हे पाहण्याची सवय चळवळीला लागली नाही. २००५ साली ‘असर’ या नावाने देशभरातल्या ग्रामीण जिल्ह्यांत मुलांच्या घरी जाऊन वाचनाची पहिली मोठी पाहणी झाली. पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही, असे तिने दाखवले. त्यानंतरच्या पाहण्यांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, २०२२ साली, ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ साली २७.१ टक्क्यांवर आले. म्हणजे सहा वर्षांनी आपण जेथे होतो तेथेच परतलो. आणि हे आकडे खेड्यांचे आहेत. शहरातल्या झोपडपट्टीतल्या मुलाची अशी नियमित मोजदाद दरवर्षी होतच नाही. पाणीपट्टी, मालमत्ता कर, वाहने यांची नोंद ठेवणाऱ्या शहराला आपली किती मुले वाचू शकतात हे सांगता येऊ नये, ही साधी त्रुटी नव्हे.

मूल वाचायला का शिकत नाही? याचे उत्तर देताना आपल्याकडे दोन सोपी कारणे पुढे केली जातात. एक वर्ग म्हणतो, झोपडपट्टीतल्या आईबापांना शिक्षणाची कदर नाही. दुसरा म्हणतो, पालिकेचे शिक्षक काम करीत नाहीत. वस्तीत काम करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे की, धुणीभांडी करणारी बाई पोटाला चिमटा घेऊन मुलाच्या शिकवणीची फी भरते. शिक्षकाच्या बाबतीत म्हणाल, तर त्याच्यापुढे एकाच वर्गात तीन-चार पातळ्यांची मुले बसलेली असतात, कोणाला अक्षरओळख नाही, कोणी शब्द जुळवतो, कोणी भराभर वाचतो. आणि वरून आदेश असतो तो पाठ्यपुस्तक वेळेत संपवण्याचा. पुस्तक पुढे धावते, मूल मागे राहते. पहिलीत ज्याची अक्षरे निसटली त्याला दुसरीत ती कोणी पुन्हा शिकवत नाही, कारण दुसरीच्या पुस्तकात ती नसतात. मुंबईत याच्या जोडीला भाषेचा प्रश्न येतो. पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शिकवते. तरी घरी भोजपुरी किंवा वडारी बोलणारे मूल ज्या भाषेच्या वर्गात बसते ती त्याच्या कानाला परकीच असते. त्यातच झोपडी पाडली जाते, कुटुंब माहुलला किंवा मानखुर्दला हलवले जाते, शाळा सुटते, आणि नवी शाळा मिळेपर्यंत अर्धे वर्ष गेलेले असते.

या परिस्थितीत मुंबईच्या वस्त्यांनी काय केले, ते आता पाहू. बालवाडी हा शब्दच आपल्या मातीतला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे ती रुजवली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा देशातल्या पहिल्या तेहेतीस प्रकल्पांत धारावीचा समावेश होता. तरीही मुंबईतली बहुसंख्य गरीब मुले अंगणवाडीच्या आणि बालवाडीच्या बाहेरच राहिली. १९९४-९५ मध्ये युनिसेफ, महानगरपालिका आणि नागरिक यांच्या सहकार्यातून ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांचा पुढाकार होता. रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले चव्हाण हे लाल निशाण पक्षाचे नेते यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. विचारांचे मतभेद असोत, पण वस्ती कशी उभी करावी याचे संस्कार कोणत्या घरातून आले, हे आपण ओळखतो.

त्यांची पद्धत साधी होती. इमारत बांधायची नाही. वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी शोधायची, तिला थोडे प्रशिक्षण द्यायचे, आणि तिच्या घरात, देवळात, मशिदीत, समाजमंदिरात किंवा एखाद्या पक्षाच्या कार्यालयात, जी जागा फुकट मिळेल तेथे वीस मुलांची बालवाडी भरवायची. साहित्य संस्थेने द्यायचे, पालकांनी परवडेल ती लहानशी फी ताईला द्यायची. जागेचे भाडे नसल्यामुळे काही वर्षांतच या बालवाड्यांची संख्या हजारांच्या घरात गेली. याच्याही आधी, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी मुंबईत ‘डोअर स्टेप स्कूल’ सुरू केले होते. जे मूल शाळेपर्यंत येत नाही त्याच्या दाराशी शाळा न्यायची, हा त्यामागचा विचार. पुढे त्यांनी फुटपाथवरच्या मुलांसाठी बसमध्ये वर्ग भरवला आणि पुण्यात बांधकामांवर राहणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच वर्ग चालवले. इमारत पुरी झाली की मजूर दुसरीकडे जातो, म्हणून वर्गही त्याच्या मागे गेला पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

‘प्रथम’च्या कामातला एक भाग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे बालसखी. तिसरी-चौथीत मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच, दिवसातून सुमारे दोन तास, वर्गाबाहेर बसवून ही बालसखी त्यांना पहिली-दुसरीचे वाचन आणि गणित शिकवीत असे. ती वस्तीतलीच असे. तिला जेमतेम दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळालेले असे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्याच्या पालिका शाळांत या कामाची काटेकोर तपासणी झाली. काही वर्गांना बालसखी दिली, तशाच दुसऱ्या वर्गांना दिली नाही, आणि दोन्हींची तुलना केली. ही तपासणी करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते; त्यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बालसखी असलेल्या वर्गांतल्या मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या दुपटीने वाढले, आणि सर्वांत अधिक प्रगती सर्वांत मागे असलेल्या मुलांची झाली.

या निष्कर्षाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मागे राहिलेली मुले बालसखीकडे गेल्यामुळे वर्गात उरलेल्या मुलांची संख्या घटली होती. पण तेवढ्याने त्या उरलेल्या मुलांच्या गुणांत फरक पडला नाही. प्रगती झाली ती बालसखीकडे बसलेल्या मुलांची. म्हणजे, मूल जेथे आहे तेथून शिकवायला सुरुवात करणे, इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवणे, आणि त्याची भाषा बोलणारे, त्याच्या आईला ओळखणारे माणूस समोर असणे, या गोष्टींनी काम केले. गरिबाच्या मुलाला डोके नसते हा उच्चवर्णीय समज या शहरातल्या दहावी पास झालेल्या मुलींनी खोटा पाडला. जोतीरावांची अर्धी मागणी, समाजातलाच शिक्षक, एकशे वीस वर्षांनी सप्रमाण सिद्ध झाली.

उरलेल्या अर्ध्या मागणीचे काय झाले? या बालसख्यांना महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. कायम शिक्षकाच्या पगाराचा हा क्षुल्लक अंश. त्या तपासणीतली आणखी एक नोंद फारशी सांगितली जात नाही. बालसखी काढून घेतल्यावर एका वर्षाने पाहिले, तेव्हा मिळालेला लाभ बराचसा ओसरला होता. थोडा टिकला, बराच गेला. हे काम एकदा मोहीम काढून संपवण्याचे नाही, ते वर्षानुवर्षे चालणारे काम आहे, आणि वर्षानुवर्षे चालणारे काम मानधनावर आणि देणगीवर उभे राहत नाही.

स्वयंसेवेच्या मर्यादेचा दुसरा पुरावा शहराबाहेरचा आहे, पण आपल्याला लागू पडणारा आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात काही गावांत बिनपगारी स्वयंसेवकांनी वाचनवर्ग घेतले. जी मुले वर्गाला आली त्यांचे वाचन चांगलेच सुधारले. पण आली किती? गावातल्या मुलांपैकी आठ टक्के. वाचता न येणाऱ्या मुलांतही तेरा टक्केच. ज्यांना सर्वाधिक गरज होती ती बहुतेक मुले संध्याकाळच्या ऐच्छिक वर्गाला पोचलीच नाहीत. सर्व मुले जेथे रोज जमतात अशी जागा एकच आहे, ती म्हणजे शाळा. मुंबईतली बालसखी सफल झाली, याचे एक कारण ती शाळेच्या आत, शाळेच्या वेळेत बसत होती हे आहे.

आपल्या पक्षात या प्रश्नावर दोन भूमिका ऐकू येतात. काही साथी म्हणतात, हे सारे संस्थांचे ठिगळकाम आहे. सरकारने आपले कर्तव्य टाळावे म्हणून भांडवलदारांच्या देणग्यांवर ते चालते. आपण त्यात पडू नये. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या काळात बिनपगारी ताई आणि मानधनावरची सखी यांचे कौतुक वाढले, त्याच काळात मराठी माध्यमाच्या पालिका शाळा एकामागून एक ओस पडत गेल्या. स्वस्तात काम होते असे एकदा दिसले की राज्यकर्त्यांना महागडे कर्तव्य नकोसे होते. तथापि या कारणासाठी हात झटकून बसणे म्हणजे, सरकार आपले कर्तव्य करीपर्यंत आजच्या तिसरीतल्या मुलाने थांबावे असे म्हणणे होय. ते मूल थांबू शकत नाही. पुढच्या वर्षी ते चौथीत जाणार आहे.

दुसरी भूमिका उलट आहे. संस्था चांगले काम करीत आहेत, त्यांना करू द्यावे, आपण मोर्चे आणि निवडणुका पाहाव्यात. ही सोयीची विभागणी आहे आणि मला ती अधिक घातक वाटते. संस्थेला निधी संपला की वर्ग बंद करावा लागतो. पालिकेकडे ती विनंती करू शकते, दबाव आणू शकत नाही. ताईच्या वेतनाचा प्रश्न संस्था मांडू शकत नाही, कारण ते वेतन देण्याची ऐपत तिचीच नसते. तो प्रश्न संघटनेने मांडायचा असतो. अंगणवाडी सेविकांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. त्यांनाही वर्षानुवर्षे ‘मानसेवी’ म्हणून राबवले गेले. त्या संघटित झाल्या, रस्त्यावर आल्या, न्यायालयात गेल्या. आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान मिळण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला. सेवा करणाऱ्या बाईला कामगार म्हणून मान्यता मिळण्यास सत्तेचाळीस वर्षे लागावीत, आणि तीही अपुरीच मिळावी, यावरून पुढच्या लढ्याची कल्पना यावी.

तेव्हा करायचे काय? माझ्या समजुतीप्रमाणे वस्तीतला वर्ग आणि पालिकेवरचा दबाव ही दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्याने, एकाच वेळी केली पाहिजेत.

पहिले काम मोजणीचे. आपण ज्या वस्तीत काम करतो तेथील आठ ते अकरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला एक कागद वाचायला द्यावा. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट असावी. मूल कोठपर्यंत वाचते याची नोंद करावी. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. ही परीक्षा नव्हे. मुलाला लाजवू नये, आणि त्याची आई शेजारी असावी. आपले मूल रोज शाळेत जाते पण त्याला वाचता येत नाही, हे आईने स्वतः ऐकले की पुढच्या सभेला तिला बोलावणे करावे लागत नाही.

दुसरे काम जागेचे. आपल्या शाखेची कार्यालये दिवसभर कुलूपबंद असतात. गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या, बुद्धविहार, समाजमंदिरे यांचीही स्थिती बहुधा तीच. तेथे वर्ग आणि मुलांचे वाचनालय सुरू होण्यास ठरावाखेरीज काही लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे पुस्तक घेऊन बसायला कोपरा नसतो. वस्तीने मुलाला तो कोपरा आणि गोष्टींची पुस्तके द्यावीत. अक्षरओळख झालेल्या मुलाला वाचायला काही मिळाले नाही, तर आलेले वाचनही जाते.

तिसरे काम शाळेच्या आतले. शिक्षण हक्क कायद्याने पालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक केले आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर असते, कोठे सह्यांपुरती जमते. आपण तेथे पालक म्हणून जावे आणि एकच प्रश्न दर महिन्याला विचारावा: तिसरीतल्या किती मुलांना वाचता येते, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी रोज किती वेळ राखून ठेवला आहे? हे करताना शिक्षकाला शत्रू मानू नये. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीनिवारण यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही, असे हाच कायदा सांगतो. त्याच्या मागे लागलेल्या कामांविरुद्ध पालक उभे राहिले, तर तोही मुलांसाठी उभा राहील.

चौथे काम वेतनाचे. पालिकेने प्रत्येक प्राथमिक शाळेत मागे राहिलेल्या मुलांसाठी वस्तीतल्या प्रशिक्षित शिक्षिका नेमाव्यात, त्यांना किमान वेतनापेक्षा कमी नाही असे नियमित वेतन द्यावे, आणि अध्यापनाची पदविका घेऊन कायम होण्याची वाट त्यांना खुली ठेवावी, ही आपली मागणी असली पाहिजे. जेथे बांधकाम मजूर आहेत तेथे आणखी एक मार्ग आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामखर्चावर एक टक्का उपकर बसवला आहे आणि तो मजुरांच्या कल्याणासाठी आहे. साइटवरचा वर्ग त्या पैशातून चालला पाहिजे. तो मजुराचाच पैसा आहे. त्यासाठी बिल्डरच्या औदार्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

केंद्र सरकारने २०२१ साली ‘निपुण भारत’ हे अभियान जाहीर केले आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवले. घटनेने घातलेली पहिली मुदत १९६० ची होती हे मी सुरुवातीस सांगितले. मुदती दिल्लीत ठरतात आणि वस्तीत टळतात. यावेळी ती टळली की पाळली गेली, हे आपल्या वस्तीपुरते तरी आपण स्वतः मोजून सांगू शकलो पाहिजे.

म्हणून प्रत्येक शाखेने येत्या महिन्यात एक वस्ती, एक खोली आणि एक शाळा निवडावी, आणि पुढच्या अभ्यासवर्गाला येताना भाषणाऐवजी नोंदवही आणावी. तीत मुलांची संख्या असावी, त्यांतली किती वाचतात ते असावे, आणि त्यांना शिकवणाऱ्या ताईला महिन्याला किती रुपये मिळतात तेही असावे. जोतीरावांनी बारा रुपयांचा आकडा आयोगापुढे उगाच ठेवला नव्हता. आपणही आपले आकडे पालिकेपुढे ठेवू आणि त्यांच्यासाठी भांडू.